टीव्हीच्या पैशापायी शेजार तुटला

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे जे झाले ते पाहून जीव तुटतो. 'पॅक-१२' ही पश्चिम किनाऱ्यावरची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, १९१५ पासूनचा वारसा सांगणारी. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही विद्यापीठे 'बिग टेन' या मध्य-पश्चिमेकडच्या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे निघाली. दोनच महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसी या टीव्ही वाहिन्यांशी सात वर्षांचा, सुमारे सात अब्ज डॉलरचा करार केला. सप्टेंबर २०२३ पर्यंत बारापैकी दहा जणांनी वाट धरली. उरली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावांतली, टीव्हीला तिथे प्रेक्षक कमी; तेच त्यांना नडले.

कॉन्फरन्स बदलली की फुटबॉलबरोबर बाकीचे खेळही तिकडे जातात. फुटबॉलचा संघ आठवड्याला एकच सामना खेळतो. पण व्हॉलीबॉलच्या मुलींनी लॉस एंजेलिसहून पार न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात खेळायला जायचे आणि परतून वर्गात बसायचे, हे कशासाठी? स्टॅनफर्ड तर पॅसिफिकच्या बाजूचे असून 'अटलांटिक कोस्ट' या पूर्व किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेले! फुटबॉलचे करार वेगळे ठेवा आणि बाकीच्या खेळांना जवळच्या विद्यापीठांशी खेळू द्या, अशी मागणी इथल्या पालकांनी आता लावून धरायला हवी.

- एक वाचक, सिअ‍ॅटल