परदेशात घरचं जेवण शोधलं तर बिघडलं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेश प्रवासावर लेख आला होता, छान होता, फोटोपण मस्त, पण त्यात जाता जाता एक टोमणा मारलाय की लोक एवढा खर्च करून बाहेर जातात आणि तिथेही घरचंच जेवण शोधत फिरतात. हे इतक्यांदा वाचून झालंय की म्हटलं आता लिहूनच टाकू.

अहो, जगात सगळेच हे करतात. 2008 साली दक्षिण कोरियाची पहिली अंतराळवीर यी सो-यॉन स्पेस स्टेशनवर गेली तर तिच्यासोबत किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, पण गेली. आणि ती सहजासहजी नाही गेली हां, आंबवलेला पदार्थ, वर जाऊन काही भलतंच व्हायला नको म्हणून शास्त्रज्ञांनी रेडिएशन देऊन त्यातले जीवाणू मारले, वास कमी केला, केवढा तो खटाटोप, आणि ट्रिप किती तर दोन आठवड्यांचीही नाही. तिला कुणी विचारलं नाही की बाई अवकाशात जाऊनही घरचंच का खातेस.

आता मुद्द्याचं. घरची चव शोधायला निघालं की शहर जास्त बघून होतं, कमी नाही. कारण ती चव टुरिस्ट एरियात मिळतच नाही. तिथे मेन्यूकार्ड चार भाषांत असतं, दारात उभा माणूस हाताला धरून आत नेतो आणि ताटात जे येतं ते ना धड इथलं ना धड तिथलं. खरी चव असते जिथे माणसं पोटासाठी आली आणि राहिली त्या वस्त्यांमध्ये. 1961 मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला म्हणून आज बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमध्ये तुर्की बेकऱ्या आहेत. 1908 मध्ये कासातो मारू नावाचं जहाज जपानी शेतमजूर घेऊन ब्राझीलला लागलं, म्हणून साओ पावलोच्या लिबरदादमध्ये मिसो, टोफू असे जपानी पदार्थ मिळतात. टोकियोत शिन-ओकुबो ही कोरियन वस्ती, पॅरिसमध्ये गार द्यू नोर स्टेशनच्या मागची ला शापेलची बाजू, तीच गोष्ट. आयफेल टॉवर बघून पॅरिस कळतं त्यापेक्षा ला शापेलच्या श्रीलंकन तमिळ दुकानात भाजी निवडताना मला जरा जास्तच कळलं (टॉवरही बघितला, भांडण नाही).

आणि एक करून बघा, हॉटेलं शोधण्याआधी त्या वस्तीतलं किराणा दुकान गाठायचं. गल्ल्यावरच्या माणसाला इथे चांगलं काय मिळतं असं नाही विचारायचं, तुम्ही स्वतः कुठे जेवता ते विचारायचं. फोनवरच्या रेटिंगपेक्षा हे उत्तर कधीही भारी.

दुसरं म्हणजे हुबेहूब तोच पदार्थ मिळाला पाहिजे हा हट्ट सोडला ना की पोट पटकन खूश होतं. ज्याला भात आणि डाळ-कडधान्याची सवय आहे तो जगात कुठे उपाशी राहत नाही असं माझं मत झालंय. कैरोत कोशारी खाल्ली, वाडग्यात भात, मसूर, मॅकरोनी, त्यावर टोमॅटोचा सॉस, छोले आणि वरून कुरकुरीत काळपट तळलेला कांदा, आणि वाढणारा पोरगा लोखंडी पळी वाडग्याच्या कडेवर खणखण आपटत इतक्या झपाट्याने थर लावतो की आपण बघतच राहतो. लसूण घातलेलं व्हिनेगर टेबलावर असतं, ते भरपूर घ्यायचं, कंजुसी नको. हे माझ्या घरी कधीच झालेलं नाही तरी दुसऱ्या घासाला घरी आल्यासारखं वाटलं. कोस्टारिकात तर सकाळी नाश्त्यालाच भात आणि राजम्यासारख्या कडधान्याचं गाल्लो पिंतो. इथिओपियात बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स लोकांचा उपास असतो, त्या दिवशी मांस-दूध-अंडी काही नाही, इंजेरावर (आंबवलेल्या पिठाची डोशासारखी मोठी पोळी) डाळी आणि भाज्या, शाकाहारी माणसाची चंगळ.

राहिला प्रश्न घरून डबे न्यायचा. न्या की, पण नियम वाचून न्या. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, काही थोडे अपवाद सोडले तर. ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहावं लागतं, लिहिलंत तर फार तर काढून घेतील, लपवलंत तर दंड. न्यूझीलंडमध्ये तर विमानात दिलेलं सफरचंद बॅगेत विसरलं तरी तिथले 400 डॉलर दंडात जाऊ शकतात, तिथे मला माहीत नव्हतं वगैरे कारणं चालत नाहीत.

म्हणून विनंती अशी की पुढच्या वेळी पुरवणीत टोमण्याच्या जागी एक चौकट द्या, त्या शहरात बाहेरून आलेल्यांच्या वस्त्या कुठे, तिथला बाजार कोणत्या वारी भरतो आणि विमानतळावर खाण्याचं काय अडवतात. ज्यांना तिथलंच खायचंय ते ती चौकट सोडून देतील, आमच्यासारखे मात्र कापून पासपोर्टमध्ये ठेवतील.

आपला,
एक नियमित वाचक