साठीनंतरही बैठका हव्यातच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला उतारवयातील आरोग्यावरचा लेख वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. बाकीच्या लेखाबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण 'साठीनंतर वजने उचलण्याच्या फंदात पडू नये, हलके चालणे व भरपूर विश्रांती पुरे, अशक्तपणा वाटल्यास प्रथिनांची पावडर घ्यावी' हा मजकूर तुम्ही चौकटीत, ठळक टायपात छापला आहे. लेख सगळेच शेवटपर्यंत वाचतात असे नाही, चौकट मात्र सगळे वाचतात. माझ्या ७२ वर्षांच्या मावशीने ती कापून कपाटाच्या दाराला चिकटवली आणि मला फोनवर वाचूनही दाखवली. तेव्हा राहवले नाही.

नेमक्या याच सल्ल्यापायी गेल्या वर्षी माझ्या वडिलांचे पाय जायची वेळ आली होती.

अण्णा ७९ वर्षांचे आहेत. तरुणपणी पेठेतल्या तालमीत पहाटे पाचला हजर असायचे. गेल्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. जाताना ते स्वतः जिना उतरून रिक्षात बसले होते. न्यूमोनिया बरा झाला, त्याबद्दल तिथल्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण अकरा दिवसांत त्यांना कुणी एकदाही उभे केले नाही. 'आजोबा, उठू नका, पडाल' एवढेच. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांना कमोडवरून उठता येईना. मी काखेत हात घालून त्यांना उचलले, तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. रात्री मांडीला तेल चोळताना हाताला नुसती सैल कातडी लागत होती.

घरी पाठवताना दिलेल्या कागदावर 'पूर्ण विश्रांती' लिहिले होते आणि खाली पावडरच्या डब्याचे नाव. दीड महिन्यात आम्ही तसे तीन डबे संपवले. भेटायला येणारा प्रत्येक जण 'अण्णा, पडून राहा' म्हणायचा. अण्णा पडून राहिले आणि दिवसेंदिवस आणखी खंगत गेले. पुढे एकदा मी डब्यावरचा मजकूर भिंग घेऊन वाचला, तर त्यात प्रथिनांपेक्षा साखरच जास्त होती.

विश्रांती निरुपद्रवी असते या समजावर माझा सगळा राग आहे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या, कोणताही आजार नसलेल्या माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवले होते. दोन्ही पायांचे मिळून जवळजवळ एक किलो मांस त्या दहा दिवसांत गेले. ते धडधाकट होते. आजारी, तापाने फणफणलेल्या माणसाचे काय होत असेल?

अण्णांना उठवले ते एका पंचविशीतल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने. पहिल्या दिवशी तिने आमची हातांची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, बैठकीवर सतरंजीच्या चार घड्या रचल्या आणि अण्णांना वर बसवले. खुर्ची इतकी उंच झाली की उठायला जेमतेम जोर लागावा. "आजोबा, हात छातीवर. उठताना श्वास सोडा, रोखून धरू नका. आता उठा." पाच वेळा उठणे-बसणे, मग दम घ्यायचा, मग पुन्हा पाच. अण्णा धापा टाकत म्हणाले, "बाळ, ही तर अर्धी बैठक झाली." ती म्हणाली, "हो ना, उरलेली अर्धी तुम्ही मला शिकवायची." दीड महिन्यानंतर त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा हसले.

नियम एकच होता. दहा वेळा सहज जमू लागले की एक घडी काढायची. शिवाय जुन्या लेंग्याच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून त्यात अर्धा अर्धा किलो तांदूळ भरला आणि त्या घोट्याला बांधून बसल्या बसल्या पाय सरळ करायचे. पुढे अर्ध्याचा एक किलो झाला. हे एक दिवसाआड. रोज का नाही, असे मी विचारले तेव्हा तिने नीट समजावून सांगितले. स्नायूवर त्याच्या सवयीपेक्षा जास्त ताण पडला की तो नवी प्रथिने बांधायला घेतो आणि हे काम पुढचा दिवस-दोन दिवस चालू राहते. या काळात पोटात गेलेली प्रथिने तो एरवीपेक्षा चांगली वापरतो. ताणच पडला नाही, तर दूध-अंडी खाऊनही त्यातले स्नायूच्या वाट्याला फारसे येत नाही. आणि ताण रोज तेवढाच राहिला की स्नायू तिथेच थांबतो, म्हणून घडी काढायची, तांदूळ वाढवायचा. तालमीत वस्तादही आधी मेहनत करून घेत आणि मग खुराक लावत. अण्णांना हे नव्याने सांगावे लागले नाही.

'हे तरुणांचे झाले' असे तुमचे लेखक म्हणतील. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात ७२ ते ९८ वर्षांचे शंभर वृद्ध होते. काहींना दहा आठवडे वजनांचा व्यायाम दिला, काहींना नुसते पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांची पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नुसते पेय पिणाऱ्यांचा अशक्तपणा होता तसाच राहिला. आमचे तीन डबे आठवून मला ते वाचताना रडू आले. विशेष म्हणजे मांडीचा स्नायू आकाराने वाढला जेमतेम तीन टक्के. कारण सुरुवातीची ताकद येते ती मुख्यतः नसांमुळे. मेंदूकडून निघालेला हुकूम स्नायूच्या जास्त तंतूंपर्यंत पोहोचू लागतो. मांडी दिसायला तशीच दिसते, पण माणूस उठून उभा राहतो.

आहार नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने धरली आहेत, आणि वृद्धांना १ ते १.२ ग्रॅम लागतात असे बरेच तज्ज्ञ सांगतात. अण्णांचे वजन ५८ किलो, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम झाले. आम्ही त्यांना काय देत होतो? सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ वरणभात, रात्री ताकभात. सगळे मिळून तीस ग्रॅमही भरत नसतील. म्हाताऱ्या स्नायूला एका वेळी जरा जास्त प्रथिने मिळाली तरच तो हलतो, म्हणून आता सकाळी दोन अंडी आणि दूध, दुपारी घट्ट वरण, मुगाची उसळ आणि वाटीभर दही, रात्री पिठले किंवा पनीर. ज्यांचे मूत्रपिंड दुखावलेले आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. तुमच्या चौकटीत पावडर होती, ही सूचना नव्हती.

दहा आठवड्यांनी खुर्चीवरची शेवटची घडी निघाली. आज अण्णा कमोडवरून स्वतः उठतात आणि कठडा धरून आमच्या जिन्याच्या सतरा पायऱ्या चढतात.

हे सगळे पुण्यात सांगावे लागते याचे वाईट वाटते. या गावात चिंचेची तालीम आहे. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी इथे व्यायामाच्या प्रसारासाठी महाराष्ट्रीय मंडळ काढले. आणि आज मी, वय ५४, घराजवळच्या जिममध्ये नाव घालायला गेलो तर तिथला मुलगा वजनांकडे जाऊच देईना. "काका, तुम्ही ट्रेडमिलवर चाला." मी चालतोच आहे, रोज पाऊण तास. चालणे हृदयाला उत्तमच, पण चालून कमोडवरून उठण्याची ताकद टिकत नाही, हे मी घरात पाहिले आहे.

जाता जाता आणखी एक. आमच्या भागातल्या उद्यानात व्यायामाची साधने बसवली आहेत. त्यातले पाय ताणायचे यंत्र फेब्रुवारीपासून मोडून पडले आहे आणि त्याचा उघडा गज गुडघ्याच्या उंचीवर आहे. बाकांना हात नाहीत आणि ते इतके बुटके आहेत की एकदा बसलेली म्हातारी माणसे कुणीतरी हात देईपर्यंत उठू शकत नाहीत. मी दोनदा लेखी अर्ज दिला, पोचही आहे. तुमच्या वार्ताहराने एकदा संध्याकाळी तिथे येऊन पाहावे.

आणि येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच टायपात दुरुस्ती छापावी. मी मावशीला सगळे सांगून पाहिले. तिने ती चौकट अजून काढलेली नाही, तिला छापून आलेलेच खरे वाटते.

आपला,
एक जुना वाचक
कसबा पेठ, पुणे