यंदाची पहिली अंघोळ सांगलीत

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा म्हणतात "बघू की, अजून लई दिवस आहेत" आणि आई लगेच पोरं जेवली का विचारते, म्हणून सरळ लिहूनच पाठवतीय. बाबा, अक्षर मोठं करून आईला वाचून दाखवा, आणि मधलं गाळू नका, तुम्ही पेपर वाचताना पण गाळता.

तर यंदा दिवाळीला आम्ही चौघं शनिवारी ७ नोव्हेंबरला संध्याकाळी सांगलीत येतोय. पहिली अंघोळ तिथंच, लक्ष्मीपूजन पण तिथंच. विचारत नाहीय, कळवतीय.

आता आई तू काय म्हणणार ते मला पाठ आहे, अगं सासरचं लक्ष्मीपूजन टाकून माहेरी येतात का कुणी, सासूबाईंना काय वाटेल, गल्लीत विचारतील भांडून आली का म्हणून. थांब जरा. सगळं बोलून झालंय इकडं, रुसवेफुगवे पण झालेत, आता फक्त तुम्ही दोघं राहिलाय.

आधी कालनिर्णय काढा आणि नोव्हेंबरचं पान बघा. यंदा ज्येष्ठ अधिक आला त्यामुळं सगळंच पुढं सरकलंय, गणपतीच १४ सप्टेंबरला बसतायत तर दिवाळी नोव्हेंबरात जाणारच. धनत्रयोदशी शुक्रवारी ६ ला. रविवारी ८ ला पहाटे अंघोळ आणि त्याच दिवशी संध्याकाळी लक्ष्मीपूजन, कारण अमावस्या रविवारी लागून सोमवारी दुपारी संपते, म्हणजे दिवेलागणीची अमावस्या रविवारचीच. पाडवा मात्र मंगळवारी १० ला आणि भाऊबीज बुधवारी ११ ला. म्हणजे मधला सोमवार मोकळा! असा मोकळा दिवस काय दरवर्षी मिळत नाही. २०२२ ला मिळालेला तर त्या दिवशी ग्रहण होतं, आणि वर पाडवा नि भाऊबीज एकाच बुधवारी आल्यामुळं कुणाचाच कुठं मेळ बसला नव्हता, आठवतंय ना. यंदा ग्रहण नाही, काही नाही. हा सोमवार बघितला आणि माझ्या डोक्यात सगळं बसलं, रविवार सांगलीचा, सोमवारी प्रवास, मंगळवार साताऱ्याचा.

तुम्हाला वाटतं मी दरवर्षी उशिरा येते ते सासरचे सोडत नाहीत म्हणून. तसं काही नाही ओ. माझी दिवाळी मी ठरवत नाही, सासूबाई, म्हणजे आत्या, पण ठरवत नाहीत, माझ्या नणंदेची नणंद ठरवते. हसू नका, खरंच. ती कोल्हापुरातनं कराडला माहेरी भाऊबीजेला येणार, ती येऊन जेवून ओवाळून गेल्याशिवाय आमच्या वन्संना कराडातनं हलता येत नाही, कारण घरची सून त्या. त्या साताऱ्याला येऊन ह्यांना आणि भावोजींना ओवाळल्याशिवाय मला साताऱ्यातनं हलता येत नाही, कारण इथली सून मी. आणि मी सांगलीत येऊन दादाला ओवाळल्याशिवाय वहिनीला बेळगावला जाता येत नाही. पुणे-मिरज लाईन सिंगल होती तेव्हा कसं असायचं, पुढची गाडी क्रॉसिंगला आल्याशिवाय मागचीला सिग्नलच नाही, तसला कारभार आहे हा. प्रत्येकीला माहेर पाहिजे आणि प्रत्येकीच्या माहेरी तिची वहिनी घरात पाहिजे, ताट वाढायला. मग वहिनीनं तिच्या माहेरी कधी जायचं? ह्याचा विचार आपल्या एवढ्या सणावारात कुणी केलाच नाही, केला असेल तर पुरुषांनी केला असेल, जेवून सुपारी कातरता कातरता.

आणि मग भाऊबीजेला रात्री मी पोचणार, तोवर चकलीच्या डब्यात तळाला चुरा आणि आई अर्धी झालेली. दुसऱ्या दिवशी परत फिरायचं, कारण ह्यांची सुट्टी संपली. ह्याला माहेरची दिवाळी म्हणायचं का?

अजून एक सांगते, बाबांना आवडणार नाही तरी सांगते. २०१९ ला ऑगस्टमध्ये पूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागात आपल्या घरात खिडकीपर्यंत पाणी. त्या वर्षी दिवाळीला पण असंच होतं, अंघोळ नि लक्ष्मीपूजन एकाच रविवारी. मी साताऱ्यात पणत्या लावत होते आणि फोनवर बाबा म्हणाले सगळं झकास आहे, रंग पण दिलाय. रंग कुठला ओ, नंतर शेजारच्या काकूंनी फोटो पाठवला, भिंतीला कमरेपर्यंत ओल, पोपडे सुटलेले, कपाट नाही म्हणून लक्ष्मी स्टुलावर मांडलेली आणि तुम्ही दोघंच. तो फोटो अजून आहे माझ्याकडं. मग पुढच्या वर्षी कोरोना, त्याच्या पुढच्या वर्षी जुलैमध्ये परत पाणी, असं करत राहून गेलं. ह्या वेळी राहणार नाही.

आता आत्यांचं. मी त्यांना आखाडातच विचारलं. पहिले दोन-तीन दिवस काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या भांड्यांचा आवाज जरा मोठा. मग एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, पाडवा इथंच झाला पाहिजे. म्हणलं होय. म्हणाल्या, शेणाचे पांडव घालायला मी एकटी बसणार नाही, तू सकाळी लवकर उठायचं. म्हणलं होय. मग म्हणाल्या लक्ष्मीपूजनाला धाकटीला बोलाव पुण्याहनं, आल्या आल्या ताटावर बसते दरवर्षी, तिला पण कळू दे फराळाचे डबे कुठल्या फळीवर असतात. झालं, पास! धाकट्या जावेला मी फोन केला तर ती पण लगेच तयार, फक्त तिची अट की पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी साताऱ्यात थांबायचं आणि ती फलटणला जाणार. एकदम बरोबर आहे तिचं. म्हणजे इकडच्या घरात दिवा लागणार, लक्ष्मी बसणार, फक्त पदर दुसरीचा असेल. लोक काय म्हणतील त्याचं उत्तर आत्याच देतील, त्यांच्यापुढं कोण बोलतंय ते बघूच.

ह्यांना काही अडचण नाही. ह्यांना फक्त आपला तांब्याचा बंब पाहिजे. गिझरच्या पाण्याला धुराचा वास नसतो म्हणतात, पहिली अंघोळ वाटत नाही. घ्या.

जावयाला कापड, पाकीट काही करायचं नाही. धोंड्याच्या महिन्यात जेवायला बोलावून ३३ अनारसे, चांदीचं निरांजन, वर शर्टपीस, सगळं झालंय. बाबांची पेन्शन किती मला माहितीय. हे पण म्हणाले की परत दिलं तर मी घेणार नाही, आणि हे तसं म्हणले तरी शेवटी घेतात, म्हणून तुम्हीच देऊ नका.

फराळ. आई, नीट वाच. तू फक्त चकली करायची, कारण तुझ्या भाजणीची चव कुणालाच जमत नाही, मला पण नाही. ती पण खाली बसून नाही, डायनिंग टेबलवर सोऱ्या ठेवून, आणि फिरवायला आमचं थोरलं आहे, त्याच्या अंगात लई जोर आहे सध्या. भाजणी आधी दळून ठेव, तळायचं मी शनिवारी रात्री आल्यावर. रवा लाडू आत्या डबा भरून देणारेत, न्या म्हणाल्या विहीणबाईंना. शंकरपाळी आणि चिवडा मी इथनं आणते. करंज्या वहिनी म्हणाली मी आल्यावर भरते, पण गाडीतनं उतरून ती काय करंज्या भरणार, तेव्हा त्या गल्लीतल्या बचत गटाच्या बाईंना सांगून टाक, घरी बनवल्या असं सांगायची पण गरज नाही कुणाला. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणलेत ते बाबांनी मला सांगितलंय, तू नाही सांगितलंस तरी.

दादा-वहिनी शुक्रवारी रात्री बंगळुरातनं राणी चन्नम्मानं निघतील, शनिवारी मिरजेत. रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, म्हणजे ७ सप्टेंबरला सकाळी ८ ला दादानं मोबाईल घेऊन बसायचं, तुम्ही त्याला आदल्या दिवशी आठवण करा. माझं ऐकत नाही तो, म्हणतो तुझं काय तत्काल असतंय की. दिवाळीचं तत्काल!

रविवारी लक्ष्मीपूजनाला बाबा यार्डात जाणार हे माहितीय. अडत दुकानाची नोकरी सोडून किती वर्षं झाली तरी शेठ वहीपूजनाला बोलावतात आणि तुम्हाला पण गेल्याशिवाय चैन पडत नाही. जावा. पण थोरल्याला बरोबर न्या, त्याला बघायचंय की सगळा हिशोब टॅलीवर असताना पूजेला लाल वही कशाला लागते, मला काही नीट सांगता आलं नाही. आणि आठच्या आत घरी या. दरवर्षी आई पाट मांडून, साळीच्या लाह्या-बत्तासे काढून दाराकडं बघत बसते आणि तुम्ही हळदीचा भाव काय निघाला ते ऐकत तिथं उभे.

सोमवारी सकाळी गणपती मंदिरात जाऊ सगळे, निवांत, मग घाटावर पोरं जरा हुंदडतील. येताना भडंग घ्यायचाय, साताऱ्याला नेल्याशिवाय घरात घेणार नाहीत मला. दुपारी जेवून तीनच्या आत निघतो, दिवस लहान असतो तेव्हा आणि ह्यांना अंधारात हायवेला गाडी चालवायला आवडत नाही. वहिनी त्याच दिवशी मिरजेतनं बेळगावला जाईल, तिच्या भावाकडं. तिला कधी नव्हे ते भाऊबीजेच्या आधी माहेर मिळतंय, तिनं मला हार्ट पाठवलेत दहा-बारा.

आता खरी मेख. बुधवारी भाऊबीजेला दादा माझ्याकडं साताऱ्याला येणार. भावानं बहिणीकडं जेवायला जायचं हीच मूळ रीत आहे, यम यमीकडं गेला होता, यमी त्याच्याकडं गेली नव्हती, तेव्हा ह्यात नवीन काही नाही. आणि दादाबरोबर तुम्ही दोघं पण यायचं. बाबा, लगेच नाही म्हणू नका. लक्ष्मीपूजन झालेलं असतं, पाडवा झालेला असतो, घराला एक रात्र कुलूप लागलं तर काही बिघडत नाही, काकू दारात पणती लावतील, मी बोललेय त्यांच्याशी. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हे तुमच्या आजोबांच्या काळातलं, तुम्ही स्वतः तरी मानता का, का नुसतं पायरी चढायचा संकोच म्हणून पुढं करता? आत्यांनी स्वतः सांगितलंय व्याह्यांना घेऊन या म्हणून. वन्सं पण असतील कराडहनं आलेल्या, म्हणजे एकाच ताटात सगळ्या ओवाळण्या, कुणाला कुणासाठी थांबायला नको.

एसटीनं या. बाबांना ७५ झाल्यापासून तिकीट नाही, आईला अर्धं, आणि एवढी सवलत असून तुम्ही गेलाय कुठं तर तासगावला, गणपतीला. सातारा सव्वाशे किलोमीटर आहे, अमेरिका नाही. आधार कार्ड तेवढं खिशात ठेवा, कपाटात नाही. कासची फुलं तोवर संपलेली असतात, त्यामुळं बाबा ते कारण सांगून पुढच्या वर्षीवर ढकलू नका. गुरुवारी संध्याकाळी हे गाडीनं सांगलीला सोडतील, आणि दादा साताऱ्यातनंच बंगळूरची बस पकडून वाटेत बेळगावला वहिनी नि पोराला घेईल. बघितलं, सगळं बसवलंय.

हात हलवत कसं यायचं असं आई म्हणेल. चकल्या आण. आत्यांनी तेवढंच मागितलंय, तोंडानं नाही मागितलं, पण "तुझ्या आईच्या चकलीला काटा चांगला येतो" हे दोनदा म्हणाल्या, म्हणजे मागितलंच.

आणि बाबा, बंबाची आतली जाळी गंजलीय ती बदलून घ्या, चिंच लावून घासायचं आम्ही आल्यावर करू. पण त्याच्याबरोबर तो गिझर पण दुरुस्त करून ठेवा, जावयाला काय वाटायचं ते वाटू दे, नऊ माणसांची अंघोळ एका बंबावर उजाडायच्या आत उरकत नसते.

तुमची
लेक