तुमच्या खोलीतल्या एसीबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "सगळं ठीक आहे" म्हणतात आणि बोलणं तिथेच थांबतं, म्हणून लिहायला बसले.

गणपतीत आले तेव्हा तुमच्या खोलीतला एसी लावल्याबरोबर कुबट वास आला, भिजलेलं गोणपाट कोपऱ्यात पडून राहावं तसा. आई, तू लगेच उदबत्ती लावलीस. म्हणजे तुलाही तो रोज जाणवतो. पहाटे बाबा खोकत होते. पाहुणे होते म्हणून ते दोन रात्री पडवीत झोपले, तेव्हा मात्र खोकल्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी मी टॉर्च लावून एसीच्या झडपांतून आत पाहिलं, तर ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके. मला तो बुराच वाटतो.

एसी मी घेऊन दिला म्हणून तुम्ही तक्रार करत नाही, हे मला कळतं. पण कृपा करून बोलत जा.

आई, ओला चमचा गेला की लोणच्याला बुरा येतो हे तूच मला शिकवलंस. इथेही तेच झालंय. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसं आतल्या थंड कॉइलवर हवेतलं पाणी धरतं, ट्रेमध्ये पडतं आणि नळीवाटे बाहेर जातं. रत्नागिरीच्या दमट हवेत ते भरपूर असतं. तुम्ही बिल वाचवायला तासाभरात एसी बंद करता. मग कॉइल ओलीच राहते, वर धूळ बसलेली आणि आत अंधार.

तेव्हा साफ होईपर्यंत तो लावूच नका, पंखा आणि खिडकी पुरे. मागचा मेकॅनिक नुसती जाळी धुऊन दहा मिनिटांत गेला होता. या वेळी कॉइल, ब्लोअर, ट्रे आणि पाण्याची नळी, सगळं खोलून धुवायला सांगायचं. तेव्हा गाद्या झाकायच्या आणि बाबांनी त्या खोलीत थांबायचं नाही, कारण बुरशीची बारीक धूळ उडते. आत फिनेल किंवा ब्लीच मारू नका, त्याची वाफ थेट छातीत जाईल. बुरशी कुठल्या जातीची हे तपासण्यात पैसे घालवायचीही गरज नाही. कुठलीही असली तरी काढायचीच आहे. एसीमागच्या भिंतीला ओल आहे का, तेही बघायचंय. गळती असेल तर आधी ती बंद करू, नाहीतर बुरा परत येईल.

पुढे एसी बंद करण्याआधी अर्धा तास नुसत्या फॅन मोडवर ठेवा, आतली ओल सुकते. तेव्हा कॉम्प्रेसर चालत नाही, त्यामुळे बिलाची काळजी नको. जाळी दर पंधरा दिवसांनी धुऊन, पूर्ण वाळवून लावायची. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र आणतेय. एसी चालू असताना आकडा ६०च्या खाली राहिला पाहिजे.

बाबा, खोकला याचमुळे आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणूनच डॉक्टरांकडे जाऊया आणि एसीचंही त्यांना सांगूया. मेडिकलमधून आणलेल्या बाटलीवर दिवस काढू नका.

मी शनिवारी सकाळी पोचते, मेकॅनिकला अकराची वेळ दिली आहे. तोवर जाळी काढायला स्टुलावर चढू नका, बाबा. मी आल्यावर काढते.

तुमची,
ताई