सर, तुमची ती एक रेष

आदरणीय सर,

सा. न. वि. वि. तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तर रविवारी भर वर्गात तुम्ही रागावला असता. दारव्ह्याकडची माणसं तसंही ओळखतीलच.

परवा मंगळवारी दुपारी बँकेतून फोन आला. तुरीचे 2,14,000 रुपये आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या खात्यात जमा झाले. एकतीस घरांची तूर होती ती. फोन ठेवला आणि गोदामाच्या पायरीवर बसून मी रडले. आमच्या अध्यक्ष काकू धावत आल्या, त्यांना वाटलं घरी काही झालं. "काऊन रडतं वं?" म्हणाल्या. मला बोलताच येईना. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे, आज रात्री पोरं झोपल्यावर बसले.

तुम्हाला माहीत आहे, मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेली. अक्षर चांगलं म्हणून आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशोब माझ्याकडे आला, दुसरं काही कारण नव्हतं. शिकायची इच्छा मात्र होती. म्हणून तुमच्याकडे यायच्या आधी मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका वर्गाला गेले होते. सहा रविवार, नऊ हजार रुपये, तेही बचत गटातून उचललेले. शिकवणारे पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवायचे. एकदा हिंमत करून विचारलं, भागभांडवल तर आपलेच पैसे, मग ताळेबंदात ते देण्यांच्या बाजूला कसं? ते हसले. म्हणाले, गावाकडं एवढ्या खोलात जायची गरज नसते, सॉफ्टवेअर सगळं करतं. बाकीचेही हसले. त्या दिवशी एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

हाच प्रश्न मी तुम्हाला तिसऱ्या रविवारी विचारला. तुम्ही खडू खाली ठेवला आणि म्हणालात, "लय चांगलं विचारलं." मग कृषी केंद्रवाल्या भाऊंना उभं केलं, त्यांच्या हातात डबा दिला, आणि त्यांनीच स्वतःच्या खिशातले शंभर रुपये त्या डब्यात टाकले. "आता डबा याइचं देणं लागते का नाई? डबा वेगळा, मानूस वेगळा." कंपनी ही सभासदांपासून वेगळी असते, ती त्यांचंही देणं लागते, हे मला त्या डब्यातून कळलं. नऊ हजारांत जे मिळालं नव्हतं ते.

आपला तो वर्ग सर! शकुंतला रेल्वेच्या रुळांपासून जवळ, वाचनालयाची मागची खोली. मेडिकलवाले दादा दुकान पुतण्यावर सोपवून यायचे, पतसंस्थेतला क्लार्क, ग्रामपंचायतीत ऑपरेटर असलेली ती लहान मुलगी, दालमिल चालवणाऱ्या ताई. सगळे कामाधंद्याचे, सगळे दमलेले. तुम्ही 1872 चा करार कायदा काढला आणि पहिलं उदाहरण दिलं ते पाडव्याला ठरणाऱ्या सालाचं. मालक म्हणतो एवढे देईन, सालदार म्हणतो बरं, दोघंही सज्ञान, कोणाची जबरदस्ती नाही, कामाच्या बदल्यात दाम, काम कायद्यात बसणारं. झाला करार. कागद नसला तरी झाला, फक्त वाद निघाला की सिद्ध करणं कठीण. "म्हणून लिवत जा बाप्पा." आणि उलटही सांगितलंत, की स्टॅम्प पेपर कितीही भारी आणा, सही धमकावून घेतली असेल तर तो करार टिकत नाही. दालमिलच्या ताई त्या दिवशी कितीतरी वेळ गप्प होत्या. कारण त्यांनी नंतर सांगितलं, ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे.

उत्पादक कंपनीत शेअर दहा असोत की हजार, माणसामागे मत एकच, हेही तुमच्याकडूनच कळलं. आमच्या वार्षिक सभेत मी ते उभं राहून सांगितलं. मागच्या रांगेतल्या बाया त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या.

पण मला लिहायचंय ते दुसरंच.

तुम्ही सगळ्यांना महिनाभराची किर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहायला दिली होती. माझी तेरीज, म्हणजे नावे आणि जमा या दोन बाजूंच्या बेरजा, जुळेना. नावेची बाजू 2,700 नं जास्त. रात्री एकपर्यंत बसले. शेवटी बेरजेवर व्हाइटनर लावला आणि वरून जुळणारा आकडा लिहिला. सर, ही सवय मला ऑफिसात लागली होती. आधी आमचे कागदपत्र पाहणारे एक जण होते, ते कोऱ्या पानांवर सह्या घेऊन जायचे. तारखा चुकल्या त्यांच्याकडून, बोलणी खाल्ली मी. खाडाखोड दिसली की ते सगळ्यांसमोर वही आपटायचे. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये कंगव्याच्या आधी व्हाइटनर असायचा.

तुम्ही वही हातात घेतली, खिडकीशी गेलात आणि पान उजेडात तिरपं धरलंत. पांढरा खपला लगेच दिसला. माझे हात गार पडले. बाकीचे सगळे होते तिथं. तुम्ही काहीच विचारलं नाही. हळूच म्हणालात, "फरक किती हाये? नऊनं भाग जाते का पाय बरं." गेला. तीनशे वेळा. "मंग दोन आकडे उलटे पडले असतीन." शोधायला मला अर्धा तास लागला, तुम्ही शेजारी बसून होतात. बोट दाखवलं नाही, पेन हातात घेतलं नाही. दुसऱ्याच्या वहीत तुम्ही कधीच लिहीत नाही. सापडलं. हमाली 4,720 होती, किर्दीत बरोबर होती, खतावणी करताना, म्हणजे ती खात्यात उतरवताना, मी 7,420 लिहिली होती.

मी सवयीनं पुन्हा पर्समध्ये हात घातला. तेव्हा तुम्ही तुमची ती कापडी पिशवी उघडली आणि एक जुनी, कडा खाल्लेली वही काढली. तुमच्या पहिल्या नोकरीतली. मधलं एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलंत. एका आकड्यावर एकच आडवी रेष, वर बरोबर आकडा, बाजूला बारीक सही आणि तारीख. रेषेखालचा चुकलेला आकडा अजून स्वच्छ वाचता येत होता.

"हे माही चूक. पंधराशेची. वाचता येते ना?"

मी म्हटलं, येते.

"म्हनून मी टिकलो तिथं."

एवढंच बोललात आणि वही पिशवीत ठेवून फळ्याकडे गेलात. सर, मला इतकी वर्षं शिकवणारे, साहेब, मोठे लोक भेटले, पण स्वतःची चूक काढून कोणी समोर ठेवली नव्हती. मी पट्टी घेतली, 7,420 वर एक रेष मारली, वर 4,720 लिहिलं, सही केली. हात थरथरत होता, ती रेष थोडी वाकडीच आहे. वही जपून ठेवली आहे.

आता तर 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद तारखेसह राहिलीच पाहिजे असा नियम आहे. तुम्ही तो वर्गात वाचून दाखवला तेव्हा मला त्या कडा खाल्लेल्या वहीचीच आठवण झाली.

तुरीचं तुम्हाला अर्धं माहीत आहे. व्यापाऱ्याचा चेक परत आला, तो गोड बोलत राहिला. "पुढच्या हप्त्यात टाकतो ताई." आधीची मी असते तर तीन महिने वाट पाहिली असती. पण चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, हे तुम्ही फळ्यावर चौकटीत लिहिलं होतं. आम्ही बाराव्या दिवशी पाठवली. मग त्याचा मुनीम आला, म्हणाला तीन क्विंटल ओली म्हणून परत केली होती, तुमच्या वहीत खाडाखोड असेल. मी वही समोर ठेवली. त्यानं पान न् पान उलटलं, उजेडात धरून पाहिलं. दोन ठिकाणी चुका होत्या. दोन्हीवर एकेक रेष, सही, तारीख. त्याच्या मालाच्या पानावर एकही नव्हती. तो काही वेळ त्या रेषांकडे पाहत राहिला, मग चहा न घेता गेला. नोटिशीचे पंधरा दिवस संपायच्या आत पैसे आले.

अशी माणसं असतात सर, म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. आमच्या गावच्या शेवटच्या एसटीचा कंडक्टर वर्ग सुटायला उशीर झाला की घंटी मारत नाही, चौकाकडे बघत उभा राहतो. बाजार समितीत एक म्हातारे तोलारी आहेत, शेतकरी अडाणी असला तर वजन दोनदा मोठ्यानं सांगतात. त्यांना ना कोणी सांगितलेलं असतं, ना कोणी बघत असतं. तुम्हीही दीड वर्ष एक रुपया घेतला नाही, आणि खडूचा डबासुद्धा स्वतःच आणला. मी ते सगळं पाहिलेलं आहे, म्हणून लिहून ठेवते.

माझी एक विनंती आहे. 1 एप्रिलला आम्ही नव्या वर्षाची वही उघडणार. कंप्युटर आहे, तरी रोजची किर्द मी हातानं लिहिते. पहिल्या पानावर काही लिहा असं मी म्हणणार नाही, तुम्ही लिहिणार नाही हे माहीत आहे. नुसते या. काकूंनी तुमच्यासाठी खुर्ची आणि पाच किलो तूरडाळ बाजूला ठेवली आहे. माझ्या शेजारी बसा, पहिली नोंद मी करते.

तुमची विद्यार्थिनी