गांडुळांसोबत कारणंही दिलीत, त्याबद्दल

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

तुमचे आभार घरी येऊन मानता आले असते. तरीही हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. ओल्या कचऱ्यातून गांडुळखत करून माती घडवायची इच्छा खूप जणांना असते आणि त्यांतले बरेच जण सुरुवातीलाच महागडे डबे, पावडरी आणि द्रावणं यांच्या याद्या पाहून मागे फिरतात. तुम्ही मला जे दिलंत त्याला पैसे पडत नाहीत, हे त्यांच्या कानावर जावं असं मनापासून वाटतं.

तुम्ही काय दिलंत? जुन्या खतासकट मूठभर लाल गांडुळं दिलीत. एक भोकं पाडलेला जुना डबा दिलात. पण त्याहून मोलाचं म्हणजे, प्रत्येक सूचनेमागचं कारण सांगितलंत. ‘असं कर’ एवढ्यावर तुम्ही कधी थांबला नाहीत. म्हणूनच आज डब्यात नवीन काही दिसलं तरी मला धावत कोणाकडे जावं लागत नाही.

पहिलं कारण तुम्ही हवेचं सांगितलंत. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते कातडीतून श्वास घेतं आणि त्यासाठी कातडी ओली लागते. या एका वाक्यात डब्याची निम्मी देखभाल आली. गादी, म्हणजे डब्यात अंथरलेला पुठ्ठ्याचा आणि पाचोळ्याचा थर, कोरडी पडली तर गांडूळ गुदमरतं. पाणी साचलं तर हवा निघून जाते, तेव्हाही ते गुदमरतं. म्हणून गादी पिळून काढलेल्या फडक्याइतकी ओली हवी आणि डब्याच्या तळाला पाणी निघायला वाट हवी. डब्याला आंबूस वास आला की आत हवा कमी पडली असं समजायचं आणि खाणं थांबवून खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे किंवा सुका पाचोळा मिसळायचा. वास मारणारी फवारणी आणायची गरज नाही, हे तुम्ही आवर्जून बजावलंत.

दुसरं कारण ऐकून तर मी चकितच झाले होते. गांडूळ आपण टाकलेली साल थेट खात नाही. सालीवर आधी जिवाणू आणि बुरशी वाढतात, साल मऊ पडते आणि मग गांडूळ तो लगदा त्यावरच्या सूक्ष्मजीवांसकट गिळतं. त्याला दात नाहीत, त्यामुळे पोटातल्या पेषणीत, म्हणजे अन्न भरडणाऱ्या पिशवीत, रेतीसारखे बारीक कण लागतात. तुम्ही चिमूटभर माती आणि अंड्याच्या टरफलांची पूड का टाकायला लावलीत, ते तेव्हा उमगलं. टरफलांनी आंबटपणाही हळूहळू कमी होतो. देठ बारीक चिरायचे ते जिवाणूंना जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणून. साली आधी गोठवून मग वितळू दिल्या तर त्यांच्या पेशी फुटतात आणि त्या लवकर कुजतात, ही तुमची युक्ती मी आता सगळ्यांना सांगते.

खाणं थोडं का घालायचं, हेही तुम्ही नीट उलगडून सांगितलंत. गांडुळं दिवसाला वजनाच्या निम्मं खातात असं सर्रास लिहिलेलं असतं, पण ते सगळं जुळून आलेल्या डब्यात. नव्या डब्यात त्यापेक्षा पुष्कळच कमी घालायचं. हिरवा कचरा एकदम ढीगभर पडला तर तो कुजताना तापतो. ही गांडुळं १५ ते २५ अंश सेल्सिअसला खुशीत असतात, ३५ च्या पुढे मरू लागतात. आधीचं बहुतेक संपल्यावरच नवीन घालायचं, ते गादीत पुरून वर पुठ्ठ्याचा थर द्यायचा, म्हणजे चिलटं येत नाहीत. तेलकट, खारट, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ डब्यात अजिबात नकोत. आंबट फळांच्या साली क्वचित आणि थोड्याच.

कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं गणितही तुम्ही ओझं न करता शिकवलंत. सूक्ष्मजीवांना नत्राच्या साधारण २५ ते ३० पट कर्ब लागतो. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, पुठ्ठ्यात आणि सुक्या पाचोळ्यात कर्ब जास्त, म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही घालायचं. तराजू लागत नाही, डब्याच्या वासावरून आणि ओलीवरून प्रमाण कळतं.

गांडुळं विकत घेऊन भरती करायची नाही, हा तुमचा आग्रह मला फार पटला. अनुकूल हवामानात कोषातून, म्हणजे गांडुळाच्या अंड्यांच्या पिशवीतून, साधारण ३ आठवड्यांनी पिल्लं निघतात, बहुधा एका कोषातून एकापेक्षा जास्त. ती स्वतः कोष घालण्याइतकी मोठी व्हायला आणखी ६ ते ८ आठवडे लागतात. जागा आणि खाणं यांच्या बेताने त्यांची संख्या आपोआप स्थिरावते. म्हणजे मूठभर गांडुळं आणि थोडा धीर एवढं पुरतं. घाईच तेवढी महाग पडते.

माझ्या मते तुमची सर्वात मोठी शिकवण मात्र डब्याबाहेरची आहे. खत तयार झालं तेव्हा ते थेट वाफ्यात ओतायला तुम्ही मनाई केलीत. कुंडीच्या मिश्रणात दहा ते वीस टक्के पुरे, जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही आणि कोवळ्या रोपांना त्रासही होऊ शकतो, असं म्हणालात. या खतात नत्र फार नसतं. त्याचं खरं काम मातीची घडण सुधारणं. गांडुळाच्या विष्ठेतला चिकट स्राव आणि जिवाणूंचे डिंकासारखे पदार्थ मातीचे कण एकत्र बांधतात आणि माती रवाळ होते. मग चिकट मातीत हवा खेळते, रेताड मातीत ओल टिकते. माझ्या वाफ्यातली माती पूर्वी वाळली की तडकायची, आता ती बोटांनी सहज मोकळी होते. ते पाहताना तुमची किती आठवण येते, हे शब्दांत मांडता येत नाही.

डब्यातली गांडुळं जमिनीत सोडायची नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंत. ती कुजक्या पाचोळ्याच्या थरात राहणारी, नुसत्या मातीत त्यांचा निभाव लागत नाही. शिवाय कुठल्याही ठिकाणी परके जीव सोडताना जपायला हवं. उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातल्या जंगलांत हिमयुगानंतर स्थानिक गांडुळं जवळजवळ उरलीच नव्हती आणि बाहेरून आलेल्या गांडुळांनी तिथला पाचोळ्याचा थर संपवून कित्येक वनस्पतींचा आसरा घालवला. जमिनीतली गांडुळं वाढवायची तर मातीवर पाचोळ्याचं आच्छादन ठेवावं, खणणं कमी करावं, ती आपणहून येतात. तुमचं हे म्हणणं मी माझ्या वाफ्यात खरं होताना पाहिलं आहे.

आणखी एक. हा डबा खताच्या मोठ्या ढिगासारखा तापत नाही, त्यामुळे खतातून फळभाज्यांच्या बिया उगवतात. उगवलेली ती रोपं तुम्ही कधी उपटून फेकू दिली नाहीत, वेगळ्या कुंडीत लावायला लावलीत. त्यांतली काही आज फळांनी लगडली आहेत.

काकू, माझ्या डब्यातली निम्मी गांडुळं आता शेजारी गेली आहेत. तुमच्यासारखीच मीही ती जुन्या खतासकट, काहीही न घेता दिली. सोबत तुम्ही सांगितलेली सगळी कारणं एका कागदावर लिहून दिली आहेत. तो कागद तुम्ही एकदा वाचून तपासावा, ही विनंती. पुढच्या आठवड्यात सवड असेल तर मी तो घेऊन येते. येताना उगवून आलेलं एक रोपही आणीन.

तुमची कृतज्ञ,
एक शिष्या