स्लॅबच्या वर की खाली?

ओटावा,
फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने पाठवलेले वरच्या मजल्याचे फोटो पाहिले. सेंट्रिंग निघाले, म्हणजे आता पुढच्या कामांची घाई सुरू होणार. घर तापू नये म्हणून कंत्राटदार म्हणतो तसे स्लॅबला खालून थर्माकोल चिकटवून त्यावर पीओपी करू नका, एवढे आधीच सांगून टाकते. कारणे खाली लिहिली आहेत, कारणाशिवाय तुम्हाला काही पटत नाही हे मला ठाऊक आहे.

तुम्ही फोनवर विचारलेत की उष्णता अडवायला आमच्या इथल्या घराला जे घातले तेच जळगावच्या घराला का नको. आमचे घर 1950 च्या दशकातले, लाकडी सांगाड्याचे. इथे बाहेर उणे 25 असते आणि आत 20. सगळी धडपड आतली ऊब बाहेर जाऊ नये यासाठी. गरम हवा वर चढते, म्हणून पहिला खर्च माळ्यावर. नव्या घरांना इथे माळ्यावर सर्रास आर-60 धरतात. आर म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, जितका आकडा मोठा तितके चांगले. इंचामागे ग्लासवूलचे (काचेच्या तंतूंची लोकर) साधारण 3 ते साडेतीन, कागदाच्या लगद्याचे साडेतीन, रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) आणि थर्माकोलचे 4, एक्सपीएसचे (थर्माकोलच्याच जातीची, पण घट्ट शीट) 5, आणि फवारायच्या घट्ट फोमचे 6.

नुसते आकडे पाहिले तर फोमच घ्यावा. पण तो महाग, त्यात रसायने जागेवर मिसळून फवारतात, आणि तो नीट वाळेपर्यंत घर सोडून राहावे लागते. ग्लासवूल सर्वांत स्वस्त, मात्र वायरी आणि वाशांच्या कडेने फट राहिली की गोधडीतून पाय बाहेर राहिल्यासारखे होते, बाकी अंगावर कितीही जाड असली तरी थंडी वाजतेच. म्हणून आम्ही कागद घेतला. जुनी वर्तमानपत्रे दळून त्यात बोरॅक्सच्या जातीचे क्षार मिसळतात. त्यामुळे तो सहज पेट घेत नाही आणि किडेही लागत नाहीत. ट्रक दारात उभा करून जाड नळीने तो माळ्यावर फुंकतात. करडा भुसभुशीत ढीग, मूठभर उचलला तर एखादे अर्धे अक्षर, जाहिरातीचा रंगीत कपटा दिसतो. सोळा-सतरा इंच थर बसला. त्याआधी दिव्यांची आणि पाइपांची भोके बुजवून घेतली, ते काम कुणाला दिसत नाही पण अर्धा फरक त्यानेच पडतो. आता बर्फ आमच्या छपरावर तसाच टिकून राहतो. इथे ही चांगली खूण. ज्याच्या छपरावरचा बर्फ लवकर वितळतो, त्याचे पैसे छपरातून जात असतात, आणि ते पाणी पागोळीला पुन्हा गोठून कौलांखाली शिरते ते वेगळेच.

जुन्या घरात आणखी एक भानगड असते. माळ्यावर अभ्रकासारखे चमकणारे सोनेरी-करडे खडे आढळले तर हात लावायचा नाही. ते व्हर्मिक्युलाइट. इथले बरेचसे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून आले, आणि त्या खाणीत फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. खाण 1990 मध्ये बंद झाली, माल मात्र अजून लोकांच्या डोक्यावर आहे. आमच्याकडे तपासून घेतले, सुदैवाने नव्हते.

तळघराच्या भिंतीला मात्र रॉकवूल लावले, आणि ते तुम्हाला दाखवायला हवे होते. इतकी वर्षे भूगोलाच्या तासाला मुलांना दख्खनचा बेसॉल्ट शिकवलात, त्याच जातीचा दगड दीड हजार अंशांच्या आसपास वितळवून, गरगर फिरवून त्याचे तंतू काढतात. पाव कापायच्या सुरीने कापला जातो, पाण्याने सहसा बिघडत नाही आणि जळत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग आठवते ना, 14 जून 2017, 72 माणसे गेली. तिथे मुख्य दोष बाहेरच्या पत्र्यांमधल्या प्लास्टिकच्या थराचा होता, पण त्यामागच्या फोमनेही आगीला हातभार लावला. तेव्हापासून आगीत काय होते हे विचारल्याशिवाय मी कुठलाच माल पाहत नाही.

आता आपले घर. जळगावात मे महिन्यात उष्णता वरून खाली येते, पाच महिने ऊन थेट स्लॅबवर. काँक्रीट उष्णता अडवते असे सगळ्यांना वाटते. हिशेब केला तर पाच इंची स्लॅब म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर थर्माकोल! शिवाय तो दिवसभर तापतो आणि रात्री पंख्यावाटे गरम वारा आपल्याच अंगावर येतो. खालून थर्माकोल लावला तर खोलीला थोडा फरक पडेल, पण स्लॅब तसाच तापणार, फुगणार, आकसणार, भेगा पडणार आणि पावसाळ्यात गळणार. गळती पीओपीच्या आत लपणार ती वेगळी. आणि थर्माकोल पेटला की वितळून जळते थेंब खाली पडतात. त्यातूनच पंख्याच्या वायरी जायच्या आहेत.

म्हणून जे काही घालायचे ते स्लॅबच्या वर. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर 50 मिलिमीटर एक्सपीएसच्या शीट, सांधे घट्ट जुळवून, त्यावर जाड कापडी थर, मग उतार देऊन कोबा आणि शेवटी पांढरी चायना मोझाइक, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी. एवढ्या एक्सपीएसची ताकद स्लॅबच्या वीसपट भरते. साधा थर्माकोल तिथे नको, तो पाणी पितो आणि दबतो. शीट घेताना किती वजन सोसते ते लेखी मागा, उन्हाळ्यात सगळे खाटा घेऊन गच्चीवर जाणार. पाण्याच्या टाकीचे खांब मात्र थेट स्लॅबवरच घ्या.

आजीच्या घराच्या धाब्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर होता, दुपारी खाली गारवा असायचा, तोही वरूनच होता. बजेट आटपत नसेल तर यंदा गच्चीला फक्त पांढरा रंग मारा. धुळीने तो मळतो, दर उन्हाळ्याआधी धुवून नवा हात द्यावा लागेल, पण खर्च सर्वांत कमी. पश्चिमेच्या भिंतीचे यातल्या कशानेच भागणार नाही, तिला सावलीच लागेल. तिथे दादाच्या मनात पत्र्याची शेड आहे, ती भिंतीपासून हातभर लांब घ्यायला सांगा, मधून वारा खेळला पाहिजे.

गच्चीचे पाणी कुठल्या कोपऱ्यात उतरवताय त्याचा एक फोटो आणि कोब्याचे कोटेशन पाठवा. कोटेशनमध्ये नुसते "हीट प्रूफिंग" लिहिले असेल तर सही करू नका, मालाचे नाव आणि जाडी लिहून घ्या. आईला नमस्कार, तिचे गुडघे कसे आहेत ते तिच्याकडूनच ऐकायचे आहे, रविवारी फोन करते.

तुमची,
वैशू